जपानमधल्या छोट्या, स्वतंत्र आयडॉल गटाचे चाहते होण्यात एवढं काय आहे?

मोठ्या गटांची गाणी घरबसल्या बघता येत असताना शे-दीडशे लोकांसमोर नाचणाऱ्या गटापायी पैसा आणि सुट्टीचा दिवस का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. आयडॉल म्हणजे गाणारे-नाचणारे, चाहत्यांशी जवळचं नातं ठेवणारे तरुण कलाकार. मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो आणि निगाता शहरातल्या ‘नेगिक्को’ या तीन मुलींच्या आयडॉल गटाचा चाहता आहे. मला विचाराल तर कारण एकच. इथे तुमच्या येण्या-न येण्याने खरोखर फरक पडतो.

आधी व्यवहार सांगतो. छोटे गट बहुतेक वेळा ‘लाइव्ह हाऊस’मध्ये, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांच्या छोट्या सभागृहात, गातात. एका संध्याकाळी अनेक गट, प्रत्येकाला वीस-तीस मिनिटं. दारात तिकीट दाखवताना विचारतात, “आज कोणासाठी आलात?” तुम्ही घेतलेल्या नावापुढे खूण होते आणि बऱ्याच ठिकाणी त्या खुणांवरून गटाचं मानधन ठरतं. तिकिटाशिवाय एका पेयाचे 600 येनच्या आसपास वेगळे द्यावे लागतात, कारण यातली बहुतेक ठिकाणं खानपानगृहाच्या परवान्यावर चालतात. कार्यक्रम संपला की ‘चेकी’ची, म्हणजे झटपट फोटोची, रांग लागते. साधारण 1000 ते 2000 येन देऊन आवडत्या मुलीसोबत इन्स्टॅक्स या लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचा, ती त्यावर सही करते, तेवढ्यात मिनिटभर बोलणं होतं. छोट्या गटांचे कपडे, रेकॉर्डिंग, प्रवास यांचा मोठा भाग याच रांगेतून निघतो.

आता नेगिक्को. निगातात पिकणाऱ्या ‘यावाहादा नेगी’ या जाड, पांढऱ्या दांड्याच्या कांदापातीची जाहिरात करायला 2003 मध्ये शाळकरी मुलींचा हा गट उभा केला. काम ठरलं होतं महिनाभराचं. पण त्या गात राहिल्या. गाणी रचायचे कॉनी, निगातातच दिवसा कंपनीत नोकरी करणारे गृहस्थ. 2011 मध्ये टॉवर रेकॉर्ड्स या संगीत-दुकानांच्या साखळीच्या टी-पॅलेट या छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीने गटाला घेतलं. पुढे पिझिकाटो फाइव्ह या गाजलेल्या पॉप बँडच्या यासुहारु कोनिशींनीही गटासाठी गाणं केलं. डिसेंबर 2014 मध्ये त्यांचं ‘हिकारी नो स्पूर’ हे गाणं ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या संगीतविक्रीच्या, साप्ताहिक यादीत पाचव्या क्रमांकावर आलं. पहिल्या दहात यायला अकरा वर्षं लागली! त्या अकरा वर्षांत बाजारपेठांत, जत्रांमध्ये समोर उभे राहणारे लोक नसते तर हे गाणं आलंच नसतं, असं मी मनापासून मानतो.

मला सगळ्यात जास्त अभिमान पुढच्या गोष्टीचा वाटतो. जपानमध्ये आयडॉलचं प्रेमप्रकरण उघड झालं तरी कारकीर्द संपू शकते. 2019 मध्ये नेगिक्कोतल्या नाओने लग्न केलं, नंतर उरलेल्या दोघी, काएदे आणि मेगु, यांचीही लग्नं झाली, आणि गट सुरू राहिला. चाहत्यांनी अभिनंदन केलं आणि कांदापातीच्या आकाराचे हिरवे-पांढरे दिवे घेऊन पुढच्या कार्यक्रमाला आले. माणसं मोठी होताना सोबत राहायचं, हे मी या लोकांकडून शिकलो.

चाहत्यांचं जगही बघण्यासारखं आहे. प्रत्येक मुलीचा ठरलेला रंग असतो, गाण्यात कुठे कोणती हाक द्यायची ते जुने चाहते नवख्याला शेजारी उभं करून शिकवतात. वाढदिवसाच्या कार्यक्रमाला फुलांच्या कमानीसाठी आपल्याकडच्या मंडळाच्या वर्गणीसारखे पैसे गोळा होतात. परदेशी माणसाला मोडक्यातोडक्या जपानीतही सांभाळून घेतात. मात्र एक नियम कडक आहे: कार्यक्रम संपल्यावर बाहेर गटातल्या मुलींची वाट बघत थांबायचं नाही, मागे जायचं नाही. तो पाळलाच पाहिजे, त्या मुलींची सुरक्षितता त्यावर आहे.

काळजी दोन गोष्टींची घ्या. चेकीच्या रांगेत पैसे भराभर जातात, म्हणून महिन्याची रक्कम आधी ठरवा. आणि बरेच छोटे गट काही वर्षांतच विसर्जित होतात. आवडलेला गट ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून ठेवू नका.

भारतातून सुरुवात करायची तर ‘हिकारी नो स्पूर’ ऐका, आवडलं तर अल्बम विकत घ्या. कधी जपानला आलात तर टोकियोहून जोएत्सु शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने साधारण दोन तासांत निगाता येतं.