ओल्ड सारममध्ये कोणी राहत नसताना तिथून दोन खासदार कसे निवडून येत?

कारण मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या तुकड्याला होतं. ज्याच्या नावावर ठरावीक जुने भूखंड, त्याला मताचा हक्क. मग त्यावर घर असो वा नांगरलेलं शेत.

ओल्ड सारम म्हणजे इंग्लंडमधल्या सॉल्सबरीजवळची टेकडी. एकेकाळी वर किल्ला आणि कॅथेड्रल होतं. 1220 मध्ये खाली नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला, वस्तीही हळूहळू तिकडे सरकली. टेकडी ओस पडली, पण पार्लमेंटमधल्या दोन जागा कायम राहिल्या.

भूखंड विकत घेतले की जागाही खिशात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते थॉमस पिटने घेतले. हा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि भारतातून त्याने नेलेला प्रचंड हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याचाच नातू विल्यम पिट (थोरला) 1735 मध्ये इथूनच खासदार झाला, पुढे पंतप्रधानही. 1802 मध्ये पिट घराण्याने ही मालमत्ता विकली.

मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बाहेर राहणारे. निवडणुकीचा सोपस्कार उघड्या शेतात उरकायचा. त्याच काळात गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता! मला यातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते.

1832 च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सारमसह 56 मतदारसंघ पूर्ण रद्द केले, आणि मँचेस्टरला दोन जागा मिळाल्या.