सॉलिडवर्क्ससाठी जुनं १०८० टीआय काढून आरटीएक्स ए२००० घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की १०८० टीआय या गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डात ३५८४ कोअर (गणित करणारे छोटे भाग) आणि ए२००० या वर्कस्टेशन कार्डात ३३२८, बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करायचा वेग) सेकंदाला ४८४ जीबीवरून २८८वर येते, मग पैसे देऊन मागे का जायचं? काम सॉलिडवर्क्समधल्या थ्रीडी डिझाइनचं आणि थोडं ब्लेंडरमधल्या रेंडरचं. असाच हिशोब २०१८ साली आमच्या घरात मांडला गेला आणि त्याचा त्रास मला झाला, म्हणून लिहायला बसले. तुमच्या कामासाठी ए२००० घ्या. पण १२ जीबीचं घ्या. त्याच नावाने ६ जीबीचंही विकतात, ते नको.

आमचं काम कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीत. फाउंड्र्यांना ओतकामासाठी लागणारे पॅटर्न आणि कोअर बॉक्स. (हा कोअर म्हणजे ओतीव वस्तूच्या आतली पोकळी राखणारा गाभा, कार्डातल्या कोअरशी त्याचा संबंध नाही.) डिझाइन मी बघते, खरेदी भाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे. मी क्वाड्रो पी२००० हे वर्कस्टेशन कार्ड मागितलं होतं. त्यात १०२४ कोअर आणि ५ जीबी मेमरी. क्रिप्टो मायनिंग बसल्यामुळे बाजारात सेकंडहँड कार्डांचा ढीग पडला होता. भाऊजींनी दोन्हीकडचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले, "वहिनी, दुप्पट कोअर मिळत असताना हे कशाला?" म्हणाले, आणि तेवढ्याच पैशात गेमिंगचं ८ जीबीचं कार्ड घेऊन आले. रोज दहा तास त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईला पुन्हा कुणी विचारलं नाही.

पंपाच्या व्होल्यूट केसिंगचं, म्हणजे शंखासारख्या कवचाचं काम होतं. आत तीन तुकड्यांचा कोअर. गिऱ्हाईकाचे साहेब मॉडेल पास करायला आले. सेक्शन घेऊन, म्हणजे मधून कापून आतलं दाखवत मॉडेल फिरवलं की कडा लुकलुकायच्या, कोअरचा फेस भिंतीतून बाहेर डोकावायचा, सिलेक्ट केलेला भाग उजळायचाच नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, इथं सरफेस फाटलाय. आधी मॉडेल नीट करून घ्या, मग बोलवा." आणि निघून गेले. तीन आठवडे खपून ड्राफ्ट, श्रिंकेज, पार्टिंग लाइन सगळं बसवलेलं मॉडेल होतं ते. घरी आल्यावर भाऊजींचं म्हणणं काय, तर फाइलच बिघडली असेल. म्हणजे कार्डावर शंका नाही, माझ्या हातावर शंका.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन उद्यमनगरात एका ओळखीच्या डिझायनरकडे गेले. त्यांच्याकडे पी२०००. तीच फाइल, तोच सेक्शन. एक कड हलली नाही. मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारं, आमच्या मशीनवर करडं पडलेलं रिअलव्ह्यूचं बटण तिथे चालू होतं. साहेबांना फोन करून तिथेच बोलावून घेतलं. त्यांनी स्वतः माउस हातात घेऊन सेक्शन फिरवला, एक कोअर प्रिंट जरा वाढवायला सांगितलं आणि मॉडेल पास केलं. त्याच महिन्यात मी माझ्या पैशातून पी२००० घेतलं.

तेव्हा भाऊजींना पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्यांच्या मते सिलिकॉन तेच, वरचे पैसे फक्त नावाचे. अर्धी गोष्ट खरी आहे. पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हा कार्डाचा निम्मा भाग असतो आणि त्याचा पुरावा २०१७चाच आहे. त्या जूनमध्ये एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीचं व्हेगा फ्रंटियर एडिशन हे कार्ड आलं. जुलैअखेर एनव्हिडियाने आपल्या टायटन एक्सपी कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढला आणि मायासारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वेग तिपटीपर्यंत वाढतो असं स्वतःच जाहीर केलं. कार्डातला एक स्क्रूही बदललेला नव्हता! तुमच्या १०८० टीआयमध्ये टायटन एक्सपीचीच जीपी१०२ चिप आहे, पण तो ड्रायव्हर तिच्यासाठी नव्हता. कॅडमधल्या (संगणकावरच्या डिझाइनमधल्या) रेषा, कडा, सेक्शन, पारदर्शक फेस हे सगळं ओपनजीएल या चित्र काढायच्या प्रणालीतून येतं आणि त्याची वाट ड्रायव्हरमध्येच उघडी किंवा बंद असते. कोअर मोजून ते कधीच कळणार नाही.

तसेही तुम्ही मोजलेले कोअर एका जातीचे नाहीत. १०८० टीआय पास्कल पिढीचं, ए२००० अँपिअरचं. अँपिअरमधले निम्मे कोअर पूर्णांकांचं गणितही करतात, त्या वेळी ते दशांशाच्या कामाला मोकळे नसतात. नुसत्या गणिताच्या ताकदीत मात्र जुनं कार्ड आजही पुढेच आहे, साधारण ११ टेराफ्लॉप्सला (सेकंदाला लाख कोटी गणितं) ८. पण ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर लावलं की ए२०००चे आरटी कोअर, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे खास भाग, कामाला लागतात आणि जुनं मागे पडतं. ते कोअर पास्कलमध्ये नाहीतच.

विजेचं बघा. जुनं २५० वॅटचं, वरून ६ आणि ८ पिनच्या दोन केबल. ए२००० ७० वॅटचं, स्लॉटमधूनच चालतं. माझ्या टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आणि लाइट गेली तरी मी फाइल सेव्ह करून उठते. २५० वॅटचं कार्ड भर रेंडरमध्ये असताना तो यूपीएस तग धरणार नाही.

शिवाय पास्कलचं वय झालं. ऑक्टोबर २०२५नंतर जीफोर्सच्या, म्हणजे १०८० टीआयसारख्या गेमिंग कार्डांच्या त्या पिढीला नियमित ड्रायव्हर नाहीत, २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त तिमाही सुरक्षा अपडेट. कार्डावर गणित करवून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या कुडा सॉफ्टवेअरच्या १३व्या आवृत्तीने तर पास्कलला वगळलंच. माझं पी२०००ही पास्कलचंच, म्हणून मीही ए२०००वर आले आणि समाधानी आहे.

आता थोडी उलटी बाजू. वर्कस्टेशन कार्ड म्हणजे जास्त अचूक गणित, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ए२०००ची मेमरी ईसीसीवाली (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) आहे हे खरं, पण डबल प्रिसिजनचा, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक गणिताचा वेग १०८० टीआयमध्ये सिंगलच्या १/३२ आणि ए२०००मध्ये १/६४ आहे. त्या कामात जुनंच जवळजवळ तिप्पट भरतं. गेम खेळत असाल तर जुनं विकू नका. ए२०००ला एचडीएमआय नाही, चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, कन्व्हर्टर सोबतच मागवा. आणि सॉलिडवर्क्सने २०१९पासून ग्राफिक्सची नवी पाइपलाइन आणल्यावर गेमिंगची कार्डं पूर्वीइतकी अडखळत नाहीत. दहा-वीस पार्टच्या असेंब्ली करत असाल तर कदाचित तुम्हाला फरक जाणवणारही नाही.

फीचर बदलल्यावर जे चक्र फिरत बसतं, तो रिबिल्ड. तो प्रोसेसरवर होतो, तेही बहुतेक एकाच कोअरवर. कुठलंही कार्ड घेतलंत तरी तो तसाच राहील. म्हणून आधी तुमची सगळ्यात जड असेंब्ली उघडून सॉलिडवर्क्समधलं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा. रिबिल्डला वेळ जात असेल तर पैसे प्रोसेसरवर घाला. रिबिल्ड झटपट होतोय आणि मॉडेल फिरवतानाच अडकतंय, तर तुमचं दुखणं कार्डाचंच आहे. पैसे दुसरं कुणी देणार असेल तर त्यांना कोअरचा तक्ता पाठवू नका, खुर्चीत बसवून ती असेंब्ली स्वतःच्या हाताने फिरवायला लावा. २०१८ साली भाऊजींना मी हेच करायला लावायला हवं होतं, असं आमचे हे म्हणतात. मी म्हणते, रोज वापरणाऱ्या माणसाने एकदा सांगितलं की तेवढं पुरे झालं पाहिजे.