जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला जाताना कोणते कपडे न्यावेत?

काकू, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत तीन आठवडे लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला चालला आहात, मोबाइलवर तिथलं तापमान २० अंश दिसतंय, पुण्यात २० अंशाला तुम्ही स्वेटर कपाटातून काढतही नाही, आणि लेक मात्र रोज फोनवर ‘गरम कपडे घ्या’ असा जप करते आहे. मग थर्मल घ्यायचे का, साडी चालेल का, छत्री लागेल का?

लेकीचं ऐका. फक्त थर्मल घरीच राहू द्या. छत्रीसुद्धा.

मी मूळची डोंबिवलीची, २०१५ पासून या शहरात राहते. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटेच्या लोकलच्या दारात लागते ती, तेवढीच. त्यामुळे मीही तुमच्यासारखाच आकडा बघून आले होते. महिना जुलै, कॅलिफोर्निया म्हटल्यावर डोळ्यांसमोर ऊन आणि ताडाची झाडं, बॅगेत चार बिनबाह्यांचे कुर्ते. पहिल्याच रविवारी समुद्र बघायला निघाले. इथे एन-जूडा नावाची ट्राम आहे, ती शहराच्या मधून थेट ओशन बीचपर्यंत जाते. ड्यूबोस पार्कपाशी लख्ख ऊन होतं, लोक गवतावर कुत्र्यांना खेळवत होते. पुढे ट्राम सनसेट टनेल नावाच्या बोगद्यात शिरते. तो बोगदा संपायच्या जरा आधी डब्यातल्या चार-पाच जणांनी, एकमेकांशी न बोलता, मोबाइलवरची नजरही न काढता, आपापल्या जॅकेटच्या चेन गळ्यापर्यंत ओढल्या. मला वाटलं, यांचं उतरायचं ठिकाण आलं. बाहेर पडलो तर ऊन गायब. पावसाळ्यात एक्स्प्रेस-वेवरून लोणावळ्याकडे जाताना बोगद्याच्या अलीकडे एक हवा आणि पलीकडे दुसरीच असते ना, अगदी तसं. ओशन बीचला उतरले तेव्हा वाळू आडवी उडत होती. समुद्र काही धड दिसला नाही. त्याच ट्रामने परत फिरले आणि वाटेत पहिलं जॅकेट घेतलं. ते अजून वापरते.

आता तो आकडा. तो खोटा नाही, पण त्यावर विसंबून बॅग भरली तर फसगत होते. जुलैतले २० अंश हा दुपारचा उच्चांक. संध्याकाळी १३-१४ होतात, आणि त्यात वारा असतो. पुण्यातल्या २० अंशाला वारा नसतो, ऊन असतं, चालून अंग तापलेलं असतं. इथे अंगाला लागतो तो वारा, आणि तो सोबत ओल घेऊन येतो. महाबळेश्वरला ऑगस्टमध्ये एखाद्या पॉइंटवर उभं राहा, पाऊस थांबलाय पण ढग अंगावरून चाललेत, ती जी हुडहुडी असते तिच्या जवळचं काहीतरी.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. इथे त्यातले खारे वारे दिवसभर अंगावर घ्यायला मिळतात. मुंबईचा समुद्र पावसाळ्याच्या तोंडावर २८-२९ अंशांचा असतो, म्हणजे जवळजवळ कोमटच. इथे खोलातलं गार पाणी वर येत राहतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही समुद्र १२ ते १५ अंशांवर. उलट आतल्या बाजूला सेंट्रल व्हॅली नावाचा प्रचंड सपाट शेतीचा पट्टा आहे, तिथे जुलैत पारा ३५-४० ला जातो. तिथली हवा तापून वर चढली की समुद्रावरची गार, ओली हवा आत ओढली जाते. किनाऱ्यालगतच्या डोंगरांमध्ये समुद्रसपाटीला मोठी खिंड एकच, गोल्डन गेट, आणि नेमकं तिच्या काठावर हे शहर वसलंय. म्हणून आत जितकं जास्त तापतं तितके आम्ही गारठतो. धुकं सकाळी रेंगाळतं, अकरा-बाराला मागे सरतं, चार-पाचच्या सुमारास पुन्हा टेकड्या उतरायला लागतं. लोकांनी त्याला कार्ल असं नावही ठेवलंय, २०१० पासून ट्विटरवर त्याचं खातं होतं. (ती ट्राम बोगद्यातून बाहेर येते त्या रस्त्याचं नावही कार्लच. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, पण देवनागरीत आपल्याला काय फरक पडतो.)

त्यामुळे खरा उन्हाळा इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. १ सप्टेंबर २०१७ ला शहरात १०६ फॅरनहाइट, म्हणजे ४१ अंश झाले होते, आणि बहुतेक जुन्या घरांत एसी नाहीत. पण तुम्ही जुलैत येताय, तेव्हा ते सोडा.

छत्रीचं एवढंच की जुलैत इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, आणि मुंबईत एकट्या जुलैत जितका पडतो त्याहून कमी पाऊस इथे वर्षभरात पडतो. धुक्याचं पाणी झाडांवरून ठिबकतं, त्याला छत्रीचा उपयोग नाही. वाऱ्यात ती उलटी होते ते वेगळंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलेलं नाही. लेक नक्की राहते कुठे? आपल्याकडे सगळेच ‘सॅन फ्रान्सिस्कोला असते’ म्हणतात आणि प्रत्यक्षात घर निघतं फ्रीमाँट, सनीव्हेल नाहीतर सॅन रमोनला. म्हणजे बदलापूरला राहून मुंबईला राहतो म्हणण्यासारखं. सनीव्हेलला जुलैची दुपार २६-२७ अंशांची, छान ऊन. सॅन रमोन, प्लेझंटन, डब्लिनकडे ३० च्या वर. आणि खुद्द शहरातही एकच हवा नाही. मधोमध ट्विन पीक्स नावाच्या टेकड्या आहेत, साधारण २८० मीटर उंच. त्यांच्या पूर्वेला मिशन, नोई व्हॅली या वस्त्यांत ऊन. पश्चिमेला सनसेट, रिचमंड या वस्त्यांत धुकं. मी सनसेटमध्ये राहते. आठवडाभर सूर्य न दिसणं ही आमच्याकडे जुलैतली बातमी नसते.

आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही एका रविवारी आतल्या बाजूच्या लिव्हरमोर गावातल्या शिव-विष्णू मंदिरात गेलो. तुमची लेकही तुम्हाला नेईलच, सगळ्यांचे आई-वडील तिथे जातातच. आई सिल्कची साडी नेसली होती. पार्किंगमधून देवळापर्यंत चालताना तिला घाम फुटला, गाडीतला तापमानाचा काटा ९८ दाखवत होता. संध्याकाळी घरापाशी उतरलो तेव्हा तोच काटा ५९ वर. फॅरनहाइट, अर्थात. म्हणजे ३६-३७ वरून १५, साधारण तासा-दीड तासात, आणि मधे ना रात्र झाली ना ऋतू बदलला. (लेकीचा फोन फॅरनहाइटमध्येच बोलेल, म्हणून दोनच आकडे पाठ करा: ६० म्हणजे साडेपंधरा, ७० म्हणजे एकवीस.)

या प्रकाराला जाड कपडा उपयोगाचा नाही. थर्मल घातले की लिव्हरमोरला तुम्ही उकडून निघाल आणि ते चारचौघांत काढताही येत नाहीत. एकावर एक चढवता-उतरवता येतील असे पातळ कपडे हवेत, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. आत नेहमीचा सुती कुर्ता किंवा टॉप. त्यावर पुढून उघडणारा पातळ लोकरी स्वेटर. डोक्यातून घालायचा नको, केस आणि चष्मा दोन्हींचा जीव जातो. आणि त्यावर विंडचिटर, टोपी जोडलेलं. पैसे खर्च करायचेच असतील तर ते याच्यावर करा. वारा अडला की थंडीचं बरंचसं काम तमाम होतं. एक गळ्याभोवती गुंडाळायची ओढणी किंवा स्टोल घ्या. शाल नको, वाऱ्यात ती सावरण्यातच एक हात अडकतो.

आणि हे सगळं घरी सोडून ‘आत्ता तर ऊन आहे’ म्हणत निघायचं नाही. सकाळी अकराचं ऊन इथे फार गोड असतं, त्याला भुलू नका. पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये विंडचिटर कायम हवं. ‘गाडीत ठेवते, लागलं तर काढू’ हेही नको, कारण इथे काच फोडून गाडीतलं सामान नेण्याचे प्रकार होतात. दिसेल अशी साधी पिशवीसुद्धा ठेवायची नाही.

साडी चालेल का? देवळात, कोणाच्या घरी जेवायला, जरूर. गोल्डन गेटच्या पुलावर मात्र माझं ऐका आणि सलवार-कुर्ता किंवा पँट घाला. आईने ऐकलं नव्हतं. ‘मी पाचवारीत रायगड चढलेय’ हे तिचं उत्तर. पुलाच्या पहिल्या खांबापर्यंतच जायचं होतं, पण मोकळ्यावर येताच निऱ्या एका बाजूला भरल्या, पदर मागून येऊन माझ्या तोंडावर बसला, आणि शेजारून सायकलवाला घंटा वाजवत गेला. शेवटी तिने पदर कमरेला खोचला, वरून बाबांचं विंडचिटर चढवलं आणि कठड्याला धरून फोटो काढला. त्या फोटोत ती एखाद्या बोटीची तांडेल वाटते. साडीच नेसायची असेल तर आत परकराखाली लेगिंग घाला आणि निऱ्यांना वर एक, गुडघ्याखाली एक अशा दोन पिना लावा.

काकांसाठी एक शिफारस आहे आणि ती हसून सोडून देऊ नका: माकडटोपी. बाबांनी ती आणली तेव्हा मी अक्षरशः हात जोडले होते, ‘बाबा, अमेरिकेत नका घालू’. त्यांनी खिशात ठेवली. अल्कट्राझचा तुरुंग बघायला बोटीने जावं लागतं. बोट बंदरातून सुटेपर्यंत सगळे वरच्या उघड्या डेकवर जागा धरायला धावतात, आणि पाच मिनिटांत निम्मे कान झाकत खाली येतात. मीही आले. बाबा वरतीच. मी काचेतून बघतेय, तर टोपीतून फक्त नाक आणि चष्मा बाहेर, आणि शेजारच्या एका आजोबांना ते खुणेने सांगतायत की ही अशी खाली ओढायची. तेव्हापासून आमच्या घरात त्या विषयावर कोणी काही बोलत नाही. टोपी नको असेल तर निदान कान झाकणारं काहीतरी घ्याच. केबल कारच्या (रोप-वे नव्हे, इथली रस्त्यावरून धावणारी जुनी उघडी ट्राम) बाहेरच्या फळीवर उभं राहायचं असेल तरी कान झाकलेले बरे.

पायांचं. कोल्हापुरी फोटोपुरती. हे शहर उभं-आडवं चढउतारांचं आहे, फिल्बर्ट स्ट्रीटचा एक तुकडा तर ३१.५ टक्के चढाचा आहे. उतरताना चप्पल पुढे पळते आणि आपण मागे राहतो. वापरून मऊ झालेले बूट आणा, नवे कोरे नकोत. मोजे चार-पाच जोड. समुद्रावर जाताना पोहायचे कपडे वगैरे मनात आणू नका. ओशन बीचला पाणी तर गार आहेच, पण ओढही जीवघेणी आहे. तिथे लोक उन्हाळ्यातही संध्याकाळी शेकोट्या पेटवून बसायचे, यावरून काय ते समजा.

घरातल्या थंडीचा विचार कोणी करत नाही. जुनी लाकडी घरं, फरशीऐवजी लाकडी जमीन. आईला बाहेरपेक्षा सकाळी सहाला चहा करतानाच जास्त थंडी वाजायची. घरात घालायचा एक जुना स्वेटर आणि सपाता आठवणीने घ्या. आणि हाताने विणलेलं काहीही ड्रायरमध्ये जाऊ देऊ नका. बाबांचा आईने विणलेला स्वेटर माझ्या नवऱ्याने भाबडेपणाने सुकवला, तो आता भाच्याला बसतो.

बाकी कपडे मोजकेच आणा. घरी मशीन असतं, आठवड्याचे जोड तीन आठवडे पुरतात. तसंही बॅगेतली अर्धी जागा चिवडा, गोडा मसाला आणि मेतकूट खाणार हे तुम्हालाही माहीत आहे. विंडचिटर आणि बूट बॅगेत कोंबू नका, घालूनच विमानात बसा. वजन वाचतं, आणि विमानातही गारठायला होतंच.

लेकीचं गाव नक्की कोणतं ते मात्र कळवा. सॅन रमोन निघालं तर वर लिहिलेलं अर्धंअधिक फक्त शहर बघायला याल त्या दिवसांपुरतंच धरा.