अणुवीज केंद्रातला प्लास्टिकचा पाइप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी काळ्या एचडीपीई पाइपातून उसाला नेतात. तसाच पाइप परदेशात अणुवीज केंद्रात घालतात असं वाचनात आलं. अणुभट्टीजवळ प्लास्टिक टिकेल कसं?
– शेतकरी वाचक, निपाणी तालुका

उत्तर : भट्टीजवळ तो नसतोच. आपल्याला सगळ्यांत जवळचं केंद्र कैग्याचं. तिथल्या २२० मेगावॉटच्या भट्टीतून बाहेर पडणारं जड पाणी २९० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेलं असतं, आणि पॉलिथिलीन, म्हणजे एचडीपीई पाइपाचं प्लास्टिक, १३० अंशांच्या आसपासच वितळतं. हा पाइप घालतात तो थंड पाण्याच्या फेरीत. नदी किंवा तलावाचं पाणी पंपघरातून कूलरपर्यंत, म्हणजे केंद्रातली उष्णता काढून घेणाऱ्या यंत्रापर्यंत, जातं आणि उष्णता घेऊन परत येतं. या पाण्यात किरणोत्सार नसतो, दाबही बेताचा असतो आणि पाइप जमिनीखाली पुरलेला असतो. उघड्यावर नको, कारण हे प्लास्टिक पेटतं.

तरीही ही फेरी दुय्यम नाही. भट्टी बंद केल्यावरसुद्धा इंधनातून उष्णता निघत राहते. ती बाहेर नेऊन सोडण्याचं शेवटचं काम याच पाण्याकडे असतं, म्हणून पाइप फुटून चालत नाही.

लोखंडी पाइप इथे का त्रास देतो? कच्च्या पाण्यामुळे आतून गंजाच्या गाठी धरतात आणि पाणी जायची वाट अरुंद होते. गाठींखाली जिवाणू वाढतात आणि पत्र्याला खड्डे पाडतात. बाहेरून लेप जिथे खरचटला असेल तिथे माती खाते. पॉलिथिलीनला यातलं काहीच होत नाही, शिवाय भूकंपात ते वाकतं पण मोडत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कॅलावे केंद्राला २००८ मध्ये सुरक्षेशी निगडित पुरलेल्या पाइपासाठी परवानगी मिळाली. हा पाइप ३६ इंच व्यासाचा होता. त्याआधी एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने एन-७५५ नावाची तात्पुरती नियमावली काढली होती. २०१५ च्या आवृत्तीत ते नियम संस्थेच्या अणुकेंद्रांसाठीच्या मूळ संहितेला २६ वं परिशिष्ट म्हणून जोडले गेले.

प्रश्न : पाइप चांगला असेल तर मानकं ठरवायला इतकी वर्षं का लागली? पाण्याच्या पाइपाचं मानक आहेच की.
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : पाण्याच्या मानकात धरलेली सुरक्षिततेची मोकळीक इथे पुरेशी मानली गेली नाही. पीई ४७१० या पॉलिथिलीनच्या दर्जाच्या पाइपावर एरवी २३ अंशांना १००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), म्हणजे ६.९ मेगापास्कल ताण धरतात. अणुकेंद्रासाठी सुरुवातीला ८०० धरला गेला. कायमच्या वापरासाठी तापमानाची मर्यादा ६० अंश, आणि जितकं पाणी गरम तितका परवानगीचा ताण आणखी खाली.

खरा वाद हळूहळू वाढणाऱ्या भेगेचा होता. पॉलिथिलीन एकदम फुटत नाही. ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथले धागे एकेक करून सुटतात आणि काही वर्षांनी भेग आरपार जाते. दाबचाचणीत यातलं काही दिसत नाही. म्हणून कच्च्या मालाच्या नमुन्याला मुद्दाम खाच पाडतात, ८० अंशांना २.४ मेगापास्कल ताणाखाली धरतात आणि तो किती तास टिकतो ते मोजतात. ४७१० या नावासाठी ५०० तास पुरतात, अणुकेंद्रासाठी २००० तास मागितले गेले. ओरखड्याचंही तसंच. साध्या कामात भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंतचा ओरखडा चालवून घेतात, इथे तेवढा चालत नाही.

प्रश्न : मी बट वेल्डिंगची, म्हणजे पाइपाची टोकं तापवून एकमेकांना जोडण्याची कामं करतो. जॉइंटचा मणी (वितळून बाहेर आलेली कड) दोन्ही बाजूंना गोल, सारखा आला की आम्ही काम पास समजतो. अणुकेंद्रात आणखी काय बघतात?
– फिटर, उद्यमबाग

उत्तर : मणी बघतातच, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. तुमच्याही कामासाठी हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही टोकं फेसिंग कटरने अखंड फीत निघेपर्यंत तासायची. त्यानंतर हात लावायचा नाही, बोटाचं तेलसुद्धा नको. टोकं जुळवल्यावर दोन पाइपांमधली पायरी भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांच्या आत हवी. हीटर प्लेट २०४ ते २३२ अंशांच्या मध्ये, आणि तेही प्लेटच्या पृष्ठभागावर चार-पाच जागी मोजून. सुरुवातीला थोडा दाब देऊन टोकं प्लेटला पूर्ण टेकवायची, मग दाब काढून नुसतं टेकलेलं ठेवायचं. मणी ठरलेल्या मापाचा झाला की प्लेट काढून लगेच जोडायचं.

जोडताना सांध्यावरचा दाब ६० ते ९० पीएसआय हवा. इथेच बहुतेक जण चुकतात. लांब पाइप ओढायला मशिनचा काही दाब आधीच खर्च होतो. पाइप नुसता सरकायला लागतो तेव्हाचं गेजचं रीडिंग टिपून ते तक्त्यातल्या आकड्यात मिळवायचं असतं. मिळवलं नाही तर सांध्यावर दाब कमी पडतो.

याउलट, दाब फार झाला किंवा तापवतानाच दाबून धरलं तर वितळलेला माल सगळा बाहेर मण्यात जातो आणि मधे थंड कडा थंड कडेला चिकटते. प्लेट काढल्यावर वारा लागून उशीर झाला तरी तेच. हा थंड जॉइंट. मणी देखणा असतो, दाबचाचणी पास होते आणि पुढे कधीतरी सपाट, गुळगुळीत फट पडून सांधा सुटतो. अल्ट्रासाउंडने पोकळी, माती, भेग सापडते. थंड जॉइंटमध्ये पोकळीच नसते, त्यामुळे लहर परतत नाही.

म्हणून नियमांचा रोख सांधा करण्याच्या पद्धतीवर आहे. प्रत्येक सांध्याचं तापमान, दाब आणि वेळ मशिनला जोडलेला डेटा लॉगर नोंदवतो. कामगार आणि पद्धत दोन्ही आधी नमुना सांध्यांवर पारखतात. त्यांच्या पट्ट्या कापून वाकवतात, वेगाने ताणून तोडतात आणि तुटलेला भाग तपासतात. धागे निघून तुटलं तर बरं, काचेसारखं सपाट तुटलं तर नापास.

थंड होण्याचा वेळ भिंतीच्या दर इंचाला ११ मिनिटं, तोही दाब न सोडता. कॅलावेतल्यासारखी जवळपास पावणेचार इंची भिंत असेल तर एका सांध्याला चाळीस मिनिटांवर नुसतं थांबायचं. शेतातल्या पातळ पाइपाला दोन-तीन मिनिटं लागतात, पण तेवढीही कोणी देत नाही. पाणी ओतून निववणं तर अजिबात नको.

प्रश्न : खानापूर भागात आम्ही उन्हात चारीत पाइप टाकून लगेच माती ओढतो. चालतं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाइप सकाळी गार असताना झाका. शंभर मीटर मोकळा पाइप २० अंशांच्या फरकाने ३० ते ४० सेंटीमीटर लांबी बदलतो, लोखंडाच्या दहापट. दुपारी तापलेला पुरलात तर रात्री तो आखडतो आणि ओढ फिटिंगवर येते. चारी थोडी रुंद काढा, पाइप किंचित नागमोडी ठेवा. तळाला खडे नकोत, चाळलेल्या मुरुमाचा किंवा वाळूचा १० सेंटीमीटरचा थर द्या. खरेदी करताना पाइपावर छापलेलं वाचा : आयएस ४९८४, पीईचा दर्जा, पीएन (दाबाचा वर्ग), व्यास आणि बॅच. बॅच नसेल तर परत करा.