सातबाऱ्यावर नाव नाही, मग हक्क गेला का?

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: घरातले माणूस गेले, कागदावर कोणाची नावे लागली आणि कोणाची राहिली. पुढची उत्तरे हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आणि महाराष्ट्रातल्या मिळकतींसाठी आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर धर्म कोणताही असो, तिथला स्वतंत्र वारसा कायदा लागतो.

प्रश्न : वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. जमीन दोन गावांत आहे. वारस नोंद अजून केलेली नाही. मुदत गेली का? कागद कोणते लागतात?
(एक वाचक, जि. सातारा)

वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी, म्हणजे खबर, तीन महिन्यांत द्यावी असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही; माणूस ज्या क्षणी गेला त्या क्षणीच वारसांचा हक्क सुरू झाला. तरीही आता थांबू नका. पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, सगळे नोंदीवाचून अडते.

अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या तलाठी कार्यालयात, किंवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, वडिलांच्या नावच्या सर्व खात्यांचे आठ-अ उतारे, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि मृताशी नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे जोडा. दोन गावे असतील तर दोन अर्ज. एका गावी नोंद झाली की दुसरीकडे आपोआप होईल असे समजून लोक बसून राहतात आणि दहा वर्षांनी विक्रीच्या वेळी ते ध्यानात येते. गावठाणातले घर आणखी वेगळे. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर किंवा सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिकेवर करावी लागते.

अर्ज आल्यावर वारसांची नावे आधी गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीत जातात. स्थानिक चौकशीनंतर नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

अर्ज अडकतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, मृत्यूच्या दाखल्यावर ‘रामचंद्र’ आणि सातबाऱ्यावर ‘रामा’. त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जुना पुरावा आधीच जोडा. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. वारसांच्या यादीतून लग्न झालेल्या बहिणी गाळल्या जातात आणि वडिलांची आई हयात असेल तर आजीही गाळली जाते. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांचा हिस्सा सारखा आहे. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि अशी नोंद पुढे रद्द होऊ शकते. तेव्हा सगळ्यांची नावे लिहा. वाटणी कशी करायची ते नंतर, एकत्र बसून ठरवता येते.

प्रश्न : आजोबांच्या पश्चात जमीन एकट्या थोरल्या काकांच्या नावावर लागली. उताऱ्यात त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे आहे. काका म्हणतात, जमीन माझी.
(एक वाचक, जि. अहिल्यानगर)

ती तीन अक्षरे तुमच्या बाजूची आहेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही गावांत ‘ए.कु.पु.’ किंवा ‘ए.कु.क.’ असेही दिसते. पूर्वी सगळ्या भावांऐवजी कर्त्याचे नाव लावायची पद्धत होती. काका तिथे कुटुंबाच्या वतीने आहेत, एकटे मालक म्हणून नाहीत. आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर मिळेल. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढा. त्यात इतर भावांची नावे असतातच असे नाही, पण बहुधा ‘वारस अमुक अमुक, पैकी थोरला मॅनेजर’ असा मजकूर सापडतो. ती नक्कल आणि वंशावळ जोडून वारसांची नावे दाखल करण्याचा अर्ज द्या. काकांनी हरकत घेतली आणि मालकीचाच वाद उभा राहिला, तर तो दिवाणी न्यायालयातच सुटेल.

अनेक पत्रांत हा गोंधळ आहे म्हणून सांगतो: सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद खरी मानून चालतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. नाव लागल्याने कोणी मालक होत नाही आणि नाव नसल्याने मालकाची मालकी जात नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

प्रश्न : माझे लग्न १९८८ साली झाले, वडील १९९९ साली गेले. भाऊ म्हणतात, मुलींचा कायदा २००५ चा, तुला लागू नाही. फक्त हक्कसोडवर सही कर. सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. काय करू?
(एक भगिनी, जि. सांगली)

ताई, कायदा तुम्हाला लागू आहे. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत तर मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरली ती ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. लग्न कधी झाले याने फरक पडत नाही. मुख्य अपवाद असा: २० डिसेंबर २००४ पूर्वीच नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी पूर्ण झालेली असेल, तर ती मोडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढे सांगणे सहसा पुरत नाही.

समजा, मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही आहात. वडिलोपार्जित जमिनीत वडील, आई, दोन मुले, मुलगी असे पाच समान वाटे पडतात. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी विसावा. पाचवा अधिक विसावा म्हणजे चौथा हिस्सा. स्वकष्टार्जित जमिनीतही चौघांना चौथा हिस्साच मिळाला असता. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.

आता हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त. सही करणे तुमच्यावर बंधनकारक नाही. मनापासून सोडायचे असेल तर जरूर सोडा, पण पुढच्या गोष्टी जाणून. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेलेच लागते. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदाने जमिनीतला हक्क जात नाही, आणि तलाठ्यासमोर ‘माझे नाव लावू नका’ असा जबाब दिल्यानेही जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जवळच्या नात्यात विनामोबदला सोडताना मुद्रांक नाममात्र आहे. पूर्वी तो २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० आहे. पैसे घेऊन हिस्सा सोडत असाल तर हिशोब बदलतो, म्हणून घेतलेली रक्कम दस्तात लपवू नका.

दस्त वाचताना ‘इतर सर्व मिळकतींसह’ असे मोघम शब्द शोधा. त्या तीन शब्दांत गावठाणातले घर, विहिरीतला हिस्सा, पुढे मिळणारा संपादनाचा मोबदला, सगळे निघून जाते. जे सोडायचे आहे तेवढेच गट क्रमांक आणि क्षेत्र लिहायला लावा. हक्कसोड कोणाच्या लाभात आहे, एका भावाच्या की सगळ्यांच्या, तेही स्पष्ट हवे. रक्षाबंधनाला किंवा दिवसकार्याच्या गर्दीत समोर आलेल्या कागदावर सही करू नका. घरी न्या, वाचून घ्या. एकदा नोंदले की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा करावा लागतो, आणि फसवणूक तुम्हालाच सिद्ध करावी लागते.

प्रश्न : सामाईक जमीन भावाने आम्हा बहिणींना न विचारता बाहेरच्याला विकली. खरेदीखत झाले आहे. आता काही होऊ शकते का?
(दोन बहिणी, जि. जळगाव)

वारसाने आलेल्या सामाईक जमिनीत भाऊ स्वतःच्या हिश्श्यापुरतीच विक्री करू शकतो. तुमचे हिस्से त्या खरेदीखताने गेले नाहीत. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा आणि ‘हे खरेदीखत आमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही’ असे ठरवून घेण्याचा दावा करा. भाऊ आणि खरेदीदार दोघांनाही प्रतिवादी करा, आणि जमीन पुढे विकली जाऊ नये म्हणून तात्पुरता मनाईहुकूम मागा. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे नव्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. फेरफाराची नोटीस अजून आली नसेल तर तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकतीची कुठेही नोंद राहत नाही.

पहिल्या वर्गाच्या वारसांपैकी एकाला वारसाने आलेला हिस्सा विकायचा असेल तर इतरांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. म्हणून भावाचा हिस्सा तुम्हालाच घ्यायचा असेल तर ती मागणीही वकिलांकडून दाव्यात घालून घ्या.

खर्चाच्या भीतीने बऱ्याच जणी इथेच थांबतात. महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. मोफत वकीलही मिळतो. स्त्रियांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

प्रश्न : मृत्युपत्र नोटरी करून ठेवले आहे. पुरेसे आहे ना?
(एक ज्येष्ठ वाचक, ठाणे)

नोटरीचा शिक्का असणे किंवा नसणे इथे गौण आहे. बघायचे ते साक्षीदार. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार हवेत. तुम्ही सही करताना प्रत्येकाने पाहिलेले असावे, किंवा ती सही आपली असल्याचे तुम्ही त्याला स्वतः सांगितलेले असावे, आणि त्याने तुमच्या समोर सही केलेली असावी. यात कसूर झाली तर कितीही शिक्के असोत, मृत्युपत्र टिकत नाही. पुढे न्यायालयात हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला जबाब द्यावा लागतो, म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि सापडण्याजोगे निवडा. ज्यांना मिळकत मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. संशयाला तिथूनच सुरुवात होते.

मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही करायला सांगतो. नोंदवलेले मृत्युपत्रही नंतरच्या मृत्युपत्राने बदलता येते, म्हणून ‘ही माझी शेवटची इच्छा असून यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य आणि तारीख विसरू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. एखाद्या मुलाला काही देत नसाल तर कारण दोन ओळींत लिहा. वडिलोपार्जित मिळकतीत तुम्हाला फक्त तुमचा हिस्सा देता येतो; अख्खे शेत धाकट्याच्या नावे लिहिले तरी बाकीच्यांचे हिस्से तसेच राहतात.

प्रश्न : फ्लॅटला धाकटा भाऊ नॉमिनी आहे. सोसायटीने भागपत्र त्याच्या नावे केले. म्हणजे फ्लॅट त्याचा?
(एक वाचक, पुणे)

नाही. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यापुरते नामनिर्देशन असते. नॉमिनी ती मिळकत वारसांसाठी सांभाळतो. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट सर्व वारसांचा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. आयुर्विमा मात्र वेगळा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर ती रक्कम सहसा त्याचीच होते.

प्रश्न : राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले. आता तो जेवायलाही विचारत नाही. घर परत मिळेल का? माझे वय ७१.
(एक आई, जि. नाशिक)

आई, आधी बक्षीसपत्र काढून वाचा, किंवा कोणाकडून वाचून घ्या. मुलगा सांभाळ करील, मूलभूत गरजा भागवील, अशी अट त्यात आहे का? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. अट नुसती गृहीत धरून चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले होते. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा म्हणून उदारपणे वाचावा असे सांगितले. त्या प्रकरणात सांभाळाचे वचन वेगळ्या कागदावर होते. त्यामुळे दस्ताच्या दिवशी मुलाने लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा जपून ठेवा.

अट नसली तरी पोटगीचा हक्क आहेच. तो घर दिले की नाही यावर अवलंबून नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. अर्ज स्वतः लिहिता येतो. आधारकार्ड, वयाचा पुरावा, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलाचा पत्ता आणि नोकरीची माहिती, बक्षीसपत्राची नक्कल जोडा. या कायद्यात महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी ठरवता येते आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. घर परत मिळणे आणि पोटगी, दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहा. प्रकरण चालू असताना घरातून बाहेर काढले जाण्याची भीती असेल तर तेही त्याच अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.