पॅकेजचं नंतर बघू, आधी त्या करंट अकाउंटचं बोला

पत्र लांब आहे, इथे थोडक्यात देतो. वाचक 41 वर्षांचे, खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात, हातात 58 हजार येतात, दोन मुलं शाळेत, बायकोबरोबर जॉइंट नावावर 9 लाखांची एफडी. टेलिग्रामवर ओळख झालेल्या एका 'डिजिटल बिझनेस' वाल्यांनी त्यांना साडेसहा लाखांचं पॅकेज देऊ केलंय. रेडिमेड ऑनलाइन स्टोअर, एआयवर चालणाऱ्या जाहिराती, सप्लायर त्यांचाच, आणि महिन्याला 60 हजार नफा. प्रश्न एवढाच की एफडी मोडू की एफडीवर लोन घेऊ.

आणि मग पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे: "माणसं विश्वासातली आहेत, कारण गेले चार महिने त्यांच्याच पेमेंट पार्टनर स्कीममध्ये मला महिन्याला पंधरा-सोळा हजार मिळतायत. माझ्या नावाने फर्म काढून करंट अकाउंट उघडलंय, त्यातले व्यवहार तेच करतात, नेटबँकिंगचं सिम त्यांच्याकडे आहे, मला दीड टक्का. मागच्या आठवड्यात एक ट्रान्सफर अडकली तेव्हा चेकने काढून रोख द्या म्हणाले, ते अजून केलं नाही."

रोख देऊ नका. आज नाही, उद्या नाही, कितीही फोन आले तरी नाही. त्या खात्यातला एक रुपयाही कुठे हलवू नका. एफडीचं उत्तर मी खाली देतो पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नाला आत्ता काही अर्थ नाही.

तुम्ही अकाउंट्सवाले आहात, तर हिशोब तुम्हीच करा. दीड टक्क्याचे 16 हजार म्हणजे महिन्याला साधारण साडेदहा लाख त्या खात्यातून गेले. चार महिन्यांचे 42 लाख. तुमचा वर्षाचा पगार सात लाख धरला तर सहा वर्षांच्या पगाराएवढा पैसा चार महिन्यांत तुमच्या पॅनवर आला आणि गेला, आणि तो कुणाचा होता हे तुम्हाला माहीत नाही. ज्या कंपनीचा माल खरंच विकला जातो ती स्वतःच्या खात्यात पैसे घेते, त्यासाठी यूपीआय आहे, पेमेंट गेटवे आहे. अनोळखी माणसाचं खातं वापरायला दीड टक्का कोण देईल? ज्याला स्वतःचं नाव लावता येत नाही तोच. आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांचे पैसे गोळा करून त्यांना पोचवायचा धंदा कायदेशीर करायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. 2020 च्या नियमांप्रमाणे बँक नसलेल्या कंपनीला अर्ज करतानाच 15 कोटींची नेटवर्थ दाखवावी लागायची आणि पुढे ती 25 कोटींवर न्यावी लागायची. फर्मच्या नावाचं एक करंट अकाउंट आणि टेलिग्रामवरचा माणूस, याला पेमेंट पार्टनर म्हणत नाहीत, याला म्यूल अकाउंट म्हणतात, चोरीचे पैसे पुढे वाहून न्यायला वापरलेलं दुसऱ्याच्या नावाचं खातं.

हे चालतं कसं ते नीट समजून घ्या. कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा ड्रेस दाखवून 'डिजिटल अरेस्ट' केलं जातं (असा प्रकार आपल्या कायद्यात मुळात नाहीच, पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मधून हे सांगितलं होतं), तो घाबरून आयुष्यभराची पुंजी पाठवतो, ती पहिल्या खात्यात पडते, तिथून काही मिनिटांत तुकडे होऊन पाच-दहा खात्यांत जाते, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन गायब. सायबर पोलीस याला लेयर म्हणतात. तुमचं खातं कुठल्या लेयरला आहे मला माहीत नाही, पण साखळीत असण्याची शक्यता फार मोठी आहे. ज्याचे पैसे गेले तो सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करतो, तक्रार ज्या बँकेतून पैसे गेले तिथून पुढच्या, त्या पुढच्या बँकेला जाते आणि जिथे जिथे रक्कम सापडेल तिथे लिएन लागतो, म्हणजे तेवढी रक्कम गोठते. तुमची 'अडकलेली ट्रान्सफर' मला तरी याचीच सुरुवात वाटते. ऑनलाइन रस्ता बंद झाला म्हणून त्यांना चेक आठवला, आणि चेकवर सही तुमची, बँकेच्या कॅमेऱ्यात चेहरा तुमचा, त्यांचं कुठेच काही नाही. चार महिने जे काम मोबाइलवर लपून होत होतं ते आता तुम्हाला काउंटरवर उभं राहून करायला सांगतायत.

बँकांकडेही आता हे पकडायची साधनं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने बनवलेलं म्यूलहंटर नावाचं एआय टूल डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालं, व्यवहारांच्या पॅटर्नवरून अशी खाती हुडकायला. म्हणजे ज्या एआयची जाहिरात ते तुमच्यापुढे करतायत तेच एआय तुमच्या खात्याकडे बघत असू शकतं. मला माहीतच नव्हतं म्हणून आपोआप सुटका होईल असं धरू नका. फसवणुकीची कलमं आहेत, आयटी कायद्याचं 66डी आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मनी लाँड्रिंगचा कायदा लागला तर तीन ते सात वर्षं. घाबरवायला नाही लिहीत. पोलीस दारात यायच्या आधी तुम्ही स्वतः कागद घेऊन गेलात, याला वजन असतं, आणि ते वजन दिवसागणिक कमी होत जातं म्हणून सांगतोय.

तर काय करायचं. सगळ्यात आधी टेलिग्राम, व्हॉट्सॲप, मेल, जे काही आहे त्याचे स्क्रीनशॉट आणि चॅट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, ते लोक समोरच्या बाजूने मेसेज पुसून टाकतात, आणि त्यांना काही कळवायच्या भानगडीत पडू नका, भांडण नको, ब्लॉकही इतक्यात नको. फौजदारी काम बघणारा वकील गाठा, ओळखीचा प्रॉपर्टीवाला नको. मग खातं जिथे आहे त्या ब्रँचमध्ये जाऊन लेखी द्या की या खात्याचा ताबा दुसऱ्याकडे आहे, मोबाइल नंबर माझ्याकडे नाही, नेटबँकिंग, कार्ड, चेकबुक सगळं बंद करा आणि डेबिट फ्रीज लावा (म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणार नाहीत). अर्जाच्या कॉपीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, काउंटरवरचा माणूस 'करतो साहेब' म्हणाला एवढ्यावर यायचं नाही. त्यानंतर वकिलाबरोबर सायबर पोलीस स्टेशनला तक्रार, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंद करता येते. सिम तुमच्या आधारवर घेतलं असेल तर ऑपरेटरकडून ते बंद करून घ्या, आणि संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावाने आणखी किती नंबर चालू आहेत तेही बघून घ्या.

आता एक गोष्ट जी तुम्हीच सगळ्यात चांगली बघू शकता. करंट अकाउंट उघडताना त्यांनी तुमच्या नावाने जीएसटी नंबर काढला का? फर्मचा पुरावा म्हणून उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी बहुतेक वेळा लागतंच. काढला असेल तर लॉगिन त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्या नंबरवर, आणि माल न पाठवता तुमच्या नावाने इनव्हॉइस फाडून कुणीतरी कराचं क्रेडिट घेत असेल तर तो वेगळाच खड्डा. पोर्टलवर पॅन टाकून शोधा. नंबर निघाला तर ज्या अधिकाऱ्याकडे तो येतो त्याच्याकडे कागद देऊन मोबाइल आणि ईमेल बदलून घ्या, सगळे जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीची रिटर्न, डाउनलोड करून एकेक पार्टी बघा, आणि मगच रद्द करण्याचा अर्ज. आधी रद्द आणि मग बघणं, असं करू नका.

कमिशनचे जे साठ-पासष्ट हजार मिळाले ते खर्चू नका, त्या लोकांना परतही करू नका, बाजूला ठेवा आणि वकील सांगेल तसं. पगाराचं खातं त्याच बँकेत आहे असं पत्रावरून दिसतंय. कस्टमर आयडी एकच असेल तर करंट अकाउंटबरोबर पगाराचं आणि एफडीचंही अडकू शकतं, असं झालेलं मी पाहिलंय, आणि मग मुलांची फी भरायलाही पैसे हाताशी नसतात. पगार दुसऱ्या बँकेत घ्यायचं बघा आणि घरखर्चाचे दोनेक महिन्यांचे पैसे बायकोच्या खात्यात असू द्या, पगारातलेच, आणि हे वकिलाला सांगून. एफडीला मात्र हात लावू नका. आत्ता घाईने मोडून इकडे तिकडे केलीत तर पैसे लपवतोय असंच दिसेल.

एफडीचं उत्तर यातच आलं, पण पॅकेजचा हिशोबही करून टाकू म्हणजे मनात काही राहायला नको. साडेसहा लाखांवर महिन्याला 60 हजार म्हणजे वर्षाला सव्वासात लाख, शंभर टक्क्यांच्या वर. तुमची 9 लाखांची अख्खी एफडी महिन्याला पाचेक हजार देते. बरं, स्टोअर खरंच आहे असं धरू. 700 ची वस्तू, खरेदी 280, कुरिअर पॅकिंग 80, एक ऑर्डर आणायला जाहिरातीचा खर्च 200. सीओडीवर शंभरातले 25 पार्सल परत आले, तर पैसे 75 चेच मिळाले, साडेबावन्न हजार. माल 21 हजार, जाहिरात 20 हजार, जाण्याचं कुरिअर 8 हजार, परतीचं दीड हजार, बाकी चार्जेस हजारभर. उरले हजार रुपये, तेही जीएसटी न धरता. म्हणजे 60 हजारांसाठी महिन्याला 6 हजार ऑर्डर, रोज 200, आणि जाहिरातीचंच बिल 12 लाख. हे 12 लाख कुठून आणणार हे पॅकेजवाल्याने सांगितलंय का? नाही सांगितलं, कारण त्याचा नफा तुमच्या साडेसहा लाखांतच झालेला असतो. एवढी बनवाबनवी असून लोक मला 'डिजिटलमध्ये स्कोप आहे' म्हणून पत्रं लिहितात तेव्हा खरंच त्रास होतो.

स्कोप आहेच. याच हिशोबात जुनं गिऱ्हाईक परत आलं आणि जाहिरात 200 ऐवजी 60 ला पडली तर शंभर ऑर्डरमागे पंधरा हजार राहतात, धंदा तिथे आहे, पण तो वस्तू ओळखणाऱ्या आणि गिऱ्हाईक जपणाऱ्या माणसाचा, पॅकेज विकत घेणाऱ्याचा नाही. तुमच्याकडे जे आहे ते वेगळं आहे आणि मला विचाराल तर जास्त कामाचं आहे. ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या लोकांना मार्केटप्लेसची सेटलमेंट शीट वाचता येत नाही. कमिशन किती कापलं, रिटर्नचा चार्ज दोनदा लागला का, मार्केटप्लेस कापून घेतं तो जीएसटीचा टीसीएस जुलै 2024 पासून एक टक्क्याचा अर्धा झाला आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस त्याच ऑक्टोबरपासून 0.1 टक्का झाला, ते पुस्तकात बरोबर आलंय का, क्रेडिट घेतलं का, यातलं काही त्यांना कळत नाही आणि दर महिन्याला पैसे गळत राहतात. हे जुळवून द्यायचं काम तुम्ही रोज ऑफिसात करता. एका सेलरकडून महिन्याला तीन-साडेतीन हजार धरले तर दहा सेलरचे तीस-पस्तीस हजार, भांडवल लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर धरून तीस-चाळीस हजारांच्या वर जाणार नाही, एफडीला धक्का नाही. एआय टूल फॉर्म्युले लिहायला, एंट्र्या जुळवायला भरपूर उपयोगी पडतं, फक्त गिऱ्हाइकाचं बँक स्टेटमेंट फुकटच्या टूलवर चढवू नका आणि टोटल स्वतः तपासा. कंपनी बाहेरचं काम करू देते का ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघा. पण हे सगळं खात्याचं प्रकरण मार्गी लागल्यावर, आत्ता तुमच्या पॅनवर नवीन काहीही उघडू नका.

विम्याचंही तुम्ही लिहिलंय, वर्षाला 48 हजार, वीस वर्षं, शेवटी 18 लाख, 'जवळजवळ दुप्पट', आणि कव्हर 5 लाख. भरणार 9 लाख 60 हजार, रिटर्न साडेपाच-सहा टक्के पडतो, दुप्पट वगैरे शब्द विकायला असतात. आणि दोन मुलांच्या बापाला 5 लाखांचं कव्हर म्हणजे नऊ महिन्यांचा पगार सुद्धा नाही. कव्हर वेगळ्या टर्म प्लॅनमधून घ्यावं लागेल, पण तो फॉर्म भरताना खरं लिहावं लागतं, म्हणून तेही महिन्या दोन महिन्यांनी वकिलाशी बोलूनच.

राहिलं एक. तुम्ही लिहिलंय की घरी अजून काही सांगितलेलं नाही, पॅकेजची कमाई सुरू झाली की सांगणार होता. आज संध्याकाळी बायकोला सांगा. एफडीवर त्यांचंही नाव आहे, घरखर्चाचे पैसे त्यांच्या खात्यात जाणार आहेत, आणि चौकशीचा फोन किंवा नोटीस घरी आली तर ती बहुतेक त्यांच्याच हातात पडेल. उद्या बँकेत जाताना त्यांना बरोबर न्या आणि अर्जाची एक शिक्क्याची कॉपी त्यांच्याकडे राहू द्या.