बागेत टाकलेली माती खारवट निघाली. भरपाई मिळेल का?

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझं दीड एकर मुरमाड रान आहे. द्राक्षबाग धरायची म्हणून गेल्या मे महिन्यात मिरज भागातल्या एका माती पुरवणाऱ्याकडून साठ ट्रिपा काळी माती घेतली. 1,80,000 रुपये ऑनलाइन दिले, पावती नाही. 'नदीकाठची पोयट्याची माती, बागेला एक नंबर' असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. पावसाळा सरल्यावर रानात पांढरा थर दिसू लागला, रोपांच्या पानांच्या कडा जळतायत. तो म्हणतो, 'तुम्ही माती बघून घेतलीत.' तक्रार केली तर तहसीलवाले माझ्याच मागे लागतील, असंही लोक सांगतात. दोन ट्रिपा अजून बांधावर पडून आहेत, त्या पसरू का?

उत्तर : अजिबात पसरू नका. तुमचा सगळा दावा त्या दोन ट्रिपांवर उभा राहणार आहे.

समोरचा आज 'बघून घेतली' म्हणतोय, पण त्याचा वकील वेगळंच म्हणेल : माती चांगलीच होती, तुमच्या बोअरच्या पाण्यानं खारवली. बांधावरच्या ढिगाला बोअरचं पाणी लागलेलंच नाही. त्यावर फक्त पाऊस पडला, आणि पावसानं क्षार धुऊन जातात, वाढत नाहीत. म्हणून ढिगाच्या आतली माती खारवट निघाली, तर ती तशीच आली होती हे सिद्ध करणं सोपं होतं. ढीग ताडपत्रीनं झाका.

नमुना घेण्याआधी त्याला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवून दिवस, वेळ कळवा. आला नाही तर दोन पंचांसमोर पंचनामा करा. वरचा हातभर थर काढून आतली माती वेगवेगळ्या जागांवरून घ्या. खताच्या गोणीत भरू नका, स्वच्छ कापडी पिशवी वापरा. रानातली माती आणि बोअरचं पाणीही तपासून घ्या. अहवालात क्षारता कोणत्या पद्धतीनं मोजली ते लिहून मागा. संपृक्त अर्कात (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्कात) क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेलेली जमीन क्षारयुक्त धरतात, द्राक्षाला मात्र दीडच्या पुढेच त्रास सुरू होतो. 1:2.5 द्रावणातला (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आकडा यापेक्षा बराच कमी येतो. तो या मर्यादांशी ताडून पाहिलात तर फसाल.

आता 'बघून घेतली'चं. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 15 नुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावा लागतो. माल कशासाठी हवा हे विकणाऱ्याला माहीत असेल आणि तो त्याचा धंदाच असेल, तर कलम 16 ही तुमच्या बाजूनं आहे. मेसेजमध्ये 'बागेला' हा शब्द आहे, तो फार मोलाचा. मातीत मिसळलेले क्षार डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यामुळे ढेकूळ हातात घेऊन पाहिल्यानं हक्क जात नाही. एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या रानातली माती एकदाच विकली असती, तर मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो. पसरलेली माती परत देता येणार नाही. नुकसानभरपाई मात्र मागता येते.

दाद सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागा. स्वतः कसून पोट भरणारा शेतकरी ग्राहक ठरतो. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आहे. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही. आयोग स्वतःही नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, ती पहिल्या ट्रिपेपासूनच मोजा. मेसेज असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तहसीलची भीती बाळगून गप्प बसू नका. 3 फेब्रुवारी 2000 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार साधी माती गौण खनिज (ज्याच्या विनापरवाना उपशाबद्दल तहसील दंड लावते) ठरते ती बंधारे, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामातल्या भराव-सपाटीकरणासाठी वापरली तर. वापर कशासाठी झाला ते पाहावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केलं. तुमची माती पिकासाठी गेली आहे. नोटीस आलीच तर मुदतीत लेखी उत्तर द्या. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला, तर प्रांतांकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

दाव्यासाठी बाग मरू देऊ नका. नुकसान आटोक्यात ठेवायचा प्रयत्न तुम्ही केला का, हेही आयोग पाहतो. जिप्सम टाकायचं की नुसते चर काढून क्षार धुवायचे, हे मातीचा सामू (pH) आणि सोडियमचा आकडा पाहून कृषी तज्ज्ञाकडून लेखी घ्या आणि त्या खर्चाची प्रत्येक पावती फाईलला लावा.